प्लॅटिनमच्या औषधाची गोष्ट



स्मरणिका समितीने मला दोन पाने दिली, ती एका अटीवर: "जन्मभर रसायनशास्त्र शिकवलंस, त्यातलंच काही लिही, पण आम्हाला कळेल असं." विषय शोधावा लागला नाही. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी दोन संदेश फिरून येतात. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यायल्याने कर्करोग बरा होतो, हा एक. केमोथेरपी म्हणजे शरीरात जड धातूचे विष सोडणे, ती घेऊ नका, हा दुसरा.

दोन वर्षांपूर्वी आपल्यातल्याच एकाला तोंडाचा कर्करोग झाला. (त्याच्या परवानगीने लिहितो आहे, नाव मात्र त्याने नको म्हटले.) शस्त्रक्रिया झाली. पुढे रेडिएशन आणि त्यासोबत दर आठवड्याला 'सिस्प्लॅटिन' द्यायचे ठरले. त्याचा मला फोन आला. "अरे, यात प्लॅटिनम आहे म्हणे. घरचे म्हणतात, धातू एकदा अंगात गेला की बाहेर निघत नाही. घेऊ की नको?" घ्यायचे की नाही हे सांगण्याचा अधिकार त्याच्या डॉक्टरांचा. पण हे औषध आले कुठून, हे मी त्याला तासभर सांगितले. तेच आता तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते १८४४ मध्ये. मिकेले पेरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमच्या क्षारावर अमोनियाची क्रिया करून एक पिवळी पूड मिळवली. तिच्या प्रत्येक रेणूत एक प्लॅटिनम, दोन अमोनिया आणि दोन क्लोरीन. 'पेरोनेचे क्लोराइड' म्हणून ती ओळखली जाऊ लागली. औषधाचा विचार त्या वेळी कोणाच्याही मनात नव्हता. रसायनशास्त्रज्ञांना तिचे कुतूहल वाटे ते वेगळ्याच कारणाने. नेमक्या त्याच घटकांचा, त्याच प्रमाणातला दुसरा एक पदार्थही बनत होता, आणि त्याचे गुणधर्म मात्र निराळे होते. साहित्य तेच, मापही तेच, मग पदार्थ दोन कसे?

हे कोडे जवळजवळ पन्नास वर्षांनी सुटले. ते सोडवले आल्फ्रेड वेर्नर यांनी, १८९३ मध्ये. तेव्हा त्यांचे वय होते २६. त्यांचे म्हणणे असे की, धातूचा अणू मध्यभागी बसतो आणि बाकीचे अणू किंवा रेणू त्याच्याभोवती ठरलेल्या जागा धरून बसतात. अशा पदार्थांना आपण धातूंची संकुले म्हणतो. तुम्ही सर्वांनी एक संकुल डोळ्यांनी पाहिले आहे. नववीत सरांनी मोरचुदाच्या द्रावणात थेंब थेंब अमोनिया टाकून दाखवला होता, आठवते? आधी फिकट निळा साका बसला. आणखी अमोनिया टाकला तसा तो विरघळला आणि परीक्षानळीत गडद, शाईसारखा निळा रंग उतरला. तांब्याच्या अणूला अमोनियाच्या चार रेणूंनी घेरल्याचा तो रंग होता.

प्लॅटिनमच्या बाबतीत वेर्नर यांनी सांगितले की, चार जागा एका सपाट चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर आहेत. कॅरमचा डाव आठवा. चौघे बसलेत, दोन आपल्या शाळेचे आणि दोन पाहुण्या शाळेचे. नेहमीच्या खेळात भिडू समोरासमोर बसतात. पण दोन्ही भिडू शेजारी-शेजारीही बसू शकतात. माणसे तीच, बसण्याची रीत वेगळी. क्लोरीनची जोडी शेजारी असेल तर तो 'सिस' प्रकार, समोरासमोर असेल तर 'ट्रान्स'. पेरोनेची पूड सिस प्रकारची होती. या कामासाठी वेर्नर यांना १९१३ चे नोबेल मिळाले. पूड मात्र पुस्तकातले एक उदाहरण म्हणूनच राहिली.

आता अमेरिकेत येऊ. १९६० नंतरची काही वर्षे. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेले संशोधक होते. विभागणाऱ्या पेशीची चित्रे पाहून त्यांना चुंबकाभोवती पसरलेल्या लोखंडाच्या किसाची आठवण झाली. तेव्हा पेशींच्या विभाजनावर विजेचा काही परिणाम होतो का, हे पाहावे असे त्यांनी ठरवले. जिवाणूंच्या द्रावणात त्यांनी प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड बुडवले. प्लॅटिनमच का? तर ते कशाशीही क्रिया करत नाही, अशी समजूत होती म्हणून.

वीज सुरू केल्यावर जिवाणूंचे विभाजन थांबले. पण ते मेले नाहीत. ते नुसतेच लांबत गेले, नेहमीच्या लांबीच्या तीनशे पटीपर्यंत. विजेचा परिणाम सापडला, असे जाहीर करायला हरकत नव्हती. रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकारी लोरेटा व्हॅन कॅम्प यांनी तसे केले नाही. एकेक शक्यता तपासत ते निघाले, आणि कारण वीज नव्हतीच. इलेक्ट्रोडचे प्लॅटिनम अगदी थोडे, दहा लाख भागांत दहाच्या आसपास, विरघळत होते. द्रावणात जिवाणूंच्या पोषणासाठी नवसागर होता. त्यातून अमोनिया मिळाला, क्लोरीन मिळाले, आणि प्लॅटिनमची संकुले आपोआप तयार झाली. १९६५ मध्ये 'नेचर'मध्ये हा निबंध आला. पुढच्या शोधात कळले की काम करणारे रेणू सिस प्रकारचे आहेत. त्यातला एक म्हणजे आपली पेरोनेची सव्वाशे वर्षांपूर्वीची पिवळी पूड!

जे जिवाणूंचे विभाजन थांबवते, ते कर्करोगाच्या पेशींचेही थांबवील का, हा पुढचा साधा प्रश्न. उंदरांच्या गाठींवर प्रयोग झाले, आणि १९६९ मध्ये गाठी विरघळल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतर लवकरच माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि औषध तिथेच संपायची वेळ आली. उलट्या इतक्या की रुग्ण हैराण होत, आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. मार्ग निघाला तो तसा घरगुतीच म्हणावा असा. औषधाच्या आधी आणि नंतर शिरेतून भरपूर सलाइन द्यायचे, म्हणजे मूत्रपिंडांवरचा मारा सौम्य होतो.

१९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी जॉन क्लेलँड या विद्यार्थ्याला सिस्प्लॅटिन दिले. त्याचा अंडकोशाचा कर्करोग शरीरभर पसरला होता आणि आधीचे उपचार हरले होते. तो बरा झाला आणि पुढे शाळेत जीवशास्त्राचा शिक्षक झाला. आइनहॉर्न यांनी १९७७ मध्ये सुमारे पन्नास रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दहांतल्या सात जणांचा रोग दिसेनासा झाला होता. त्याआधी या अवस्थेतले बहुतेक तरुण दगावत. डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आपण एस. एस. सी. झालो, तेच वर्ष.

हे औषध काम कसे करते? रक्तात क्लोराइड भरपूर असते, त्यामुळे क्लोरीन जागा सोडत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड कमी. तिथे ते सुटतात आणि प्लॅटिनमचे दोन शेजारचे हात मोकळे होतात. त्या दोन हातांनी ते डीएनएच्या साखळीतल्या दोन लगतच्या कड्या पकडते. साखळी तिथे वाकते, तिची नक्कल नीट होत नाही आणि पेशी मरते. ट्रान्स प्रकाराचे हात विरुद्ध दिशांना असतात. त्याला ही पकड जमत नाही, म्हणून तो औषध म्हणून निरुपयोगी ठरला.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन्ही संदेशांचे उत्तर याच ओळीत आहे. प्लॅटिनम दोघांतही तेच. एक औषध झाले, दुसरे नाही. धातू नुसता 'चांगला' किंवा 'वाईट' नसतो. त्याला काय जोडले आहे, कसे जोडले आहे आणि किती दिले आहे, यावर सारे ठरते. प्लॅटिनमची अंगठी घालून कोणी बरा होत नाही. तांब्याच्या भांड्याचेही तेच.

मित्राच्या घरच्यांचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नव्हते, हेही मी त्याला सांगितले. बरेचसे प्लॅटिनम लघवीवाटे जाते, पण अत्यल्प अंश उपचारांनंतर वीस वर्षांनीही रक्तात मोजता आला आहे. कान, मूत्रपिंडे, हातापायांच्या नसा यांना इजा होऊ शकते. हे विषच आहे. डॉक्टर ते मापून देतात, दर वेळी रक्त तपासतात, कारण समोरचे विष त्याहून मोठे असते. त्याने उपचार पूर्ण घेतले. आज रोगाची खूण नाही. कानात शिट्टी वाजत राहते, आणि नातीचा बारीक आवाज त्याला नीट ऐकू येत नाही. संमेलनात कोणी दोनदा "काय म्हणालास?" विचारले, तर तिसऱ्यांदा न कंटाळता सांगा.

पुढे कार्बोप्लॅटिन आले, मूत्रपिंडांना कमी त्रासदायक. जपानमधल्या नागोया इथे शोधलेले ऑक्सालिप्लॅटिन आतड्याच्या कर्करोगावर उपयोगी ठरले. प्लॅटिनमची हजारो संकुले जगभर बनवली गेली, पण जगभर वापरात आली ती ही तीनच. मीही विद्यार्थ्यांबरोबर तांब्याची आणि जस्ताची संकुले वर्षानुवर्षे बनवली. काहींनी काचेच्या थाळीत जिवाणू मारले. थाळीपासून माणसापर्यंतचा रस्ता किती लांब असतो, हे आम्ही प्रत्येक प्रबंधात प्रामाणिकपणे लिहिले. त्यातून औषध निघाले नाही. पण "इथे असे का झाले?" असे विचारणारी मुले निघाली, आणि शिक्षकाला ते पुरते.

शेवटी एक मागणे. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यावे, यावर चर्चा चालू आहे. माझे मत प्रयोगशाळेला, आणि त्यातही मुलांच्या हातात पडतील अशा परीक्षानळ्यांना. मोरचूद आणि अमोनिया दोन्ही स्वस्त आहेत.