रिपोर्ट नॉर्मल, मग मन का लागत नाही?

"रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल आहे. मग डॉक्टर, कशातच मन का लागत नाही?" हा प्रश्न कदाचित तुम्हीही विचारला असेल. झोप उडालेली, उठल्यापासूनच थकवा, क्षुल्लक कारणावरून रडू. तरी रोजचं काम कसंबसं चालू. हे सौम्य नैराश्य असू शकतं. पूर्वी अशा रुग्णांना मी बी-कॉम्प्लेक्स लिहून द्यायचो आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणायचो. टेन्शन काय हौसेने घेतलेलं असतं?

एके काळी नैराश्याची बरीचशी माहिती रुग्णालयात पोहोचलेल्यांवरूनच जमा होत असे. घरात कुढत दिवस ढकलणारे त्यात येतच नसत. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधल्या कॅम्बरवेल भागात थेट वस्तीतल्या ४५८ स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यावरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. स्पष्ट आजारी असलेल्यांबरोबर त्यांनी सीमारेषेवरच्या, म्हणजे सौम्य लक्षणांच्या स्त्रियाही वेगळ्या नोंदवल्या.

नैराश्याआधी बहुधा एखादा मोठा आघात किंवा वर्षानुवर्षांची अडचण होती. पण असा आघात झालेल्या सगळ्याच जणी आजारी पडल्या नव्हत्या. धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी त्यांना दिसल्या: मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं घरी असणं, बाहेर नोकरी नसणं आणि वयाच्या अकराव्या वर्षाआधी आई गमावलेली असणं. यातली पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवरा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं नाही. त्याच्याशी मनातलं बोलता येतं का, हेही पाहिलं. दोन्हींत किती फरक आहे, ते तुम्हाला सांगायला नको! आईबद्दलचा निष्कर्ष मात्र पुढे थोडा बदलला. ती गेल्यावर मुलीची आबाळ झाली का, हे जास्त महत्त्वाचं ठरलं.

हे झालं लंडनचं. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' या संस्थेने प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक दवाखान्यांत बसवून पाहिले. ते डॉक्टर नव्हते. रुग्णाचं ऐकून घेणं, त्रास समजावून सांगणं हे त्यांचं काम. गरज असलेल्यांना डॉक्टर औषध देत. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. खासगी दवाखान्यांत तसा फरक पडला नाही, कारण तिथे नेहमीच्या उपचारांनीही रुग्ण बऱ्यापैकी बरे होत होते. नेहमीचा डॉक्टर ओळखीचा असतो, त्याचा हा परिणाम असावा, असं मला आपलं वाटतं.

हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायला हवंच. पण पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा घरी काय चाललंय, कोणाशी बोलणं होतं, हेही सांगा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर नक्की या. जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा किंवा १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.