शिवेवरून परत आलेलीं मुलें

मुंबईच्या नकाशावरील पुष्कळ नांवांचा अर्थ आतां शोधून काढावा लागतो. शीव हें नांव मात्र स्वतःच बोलतें. शीव म्हणजे हद्द. तेथील टेकडीवरचा किल्ला जेरार्ड ऑन्जियर हा मुंबईचा गव्हर्नर असतां, १६६९ ते १६७७ या काळांत, बांधला गेला. अलीकडे इंग्रजांचें परळ बेट, पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि पलीकडे मराठे आले. शिवेवरच्या माणसाचें एक दुःख असतें. संकट आलें म्हणजे त्याला कोणाच्या राज्यांत धरावयाचें, याचा निकाल लागलेला नसतो. ज्या मुलांविषयीं आम्ही येथें लिहीत आहों त्यांची स्थिति अशीच आहे. सैन्यांत जाण्यासाठीं निघालेलीं, पण शिक्षण पुरें होण्याआधींच दुखापतीमुळें, आजारामुळें अथवा अपात्रतेच्या शेऱ्यामुळें घरीं परत आलेलीं हीं मुलें शिपाई ठरत नाहींत, आणि पूर्वीसारखीं घरचींही राहिलेलीं नसतात.

शिपाईपण नेमकें कोठें सुरू होतें? लोकांच्या समजुतीप्रमाणें मुलगा ट्रंक घेऊन गाडींत बसला कीं तो शिपाई झाला. कायदा असें मानीत नाहीं. १९५० चा सैन्य कायदा आणि १९५४ चे सैन्य नियम यांनीं नांवनोंदणी आणि शपथविधि हीं दोन निराळीं पावलें ठरविलीं. बेळगांवच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रावर रंगरूट दाखल होतो तेव्हां त्याचें नांव नोंदलें जातें. शिक्षण पुरें करून त्यानें शपथ घेतली म्हणजे तो पुरता शिपाई होतो. मधले महिने उंबरठ्यावरचे. हा कार्यक्षम शिपाई होण्याचा संभव नाहीं, अशा शेऱ्यावरून शपथ न झालेल्या रंगरुटास तेराव्या नियमान्वयें घरीं पाठवितां येतें. सैन्याच्या दृष्टीनें यांत अन्याय नाहीं. ज्याला धाव, ओझें आणि जागरण सोसत नाहीं त्याला रणांगणावर नेणें म्हणजे त्याच्यावर आणि त्याच्या सोबत्यांवरही संकट आणणें होय. परंतु तोच शेरा घरच्या आळींत पोहोंचला कीं त्याचा अर्थ बदलतो. सैन्यानें म्हटलेलें असतें, ‘हें काम या मुलाचें नव्हे’. आळींत ऐकूं येतें, ‘हा मुलगा कामाचा नव्हे.’

अधिकारी होऊं पाहणाऱ्या मुलांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तिन्ही दलांच्या उमेदवारांस एकत्र शिकविण्याचा उपक्रम जानेवारी १९४९ मध्यें डेहराडूनजवळ क्लेमेंट टाउन येथें सुरू झाला. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं पंडित नेहरूंनीं खडकवासल्यास कोनशिला बसविली, आणि जानेवारी १९५५ मध्यें राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचें रीतसर उद्‌घाटन झालें. महाराष्ट्रांतील घरांच्या ती जणूं अंगणांतच आली. १९६१ सालीं साताऱ्यास सैनिकी शाळा निघाली. १९७७ सालीं राज्य सरकारनें तेव्हांच्या औरंगाबादेस पूर्वतयारीची संस्था काढली. २०२२ पासून प्रबोधिनीचीं दारें मुलींसही उघडलीं.

प्रवेशाचें वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे ज्या वयांत पुष्कळांची सही कायद्यास पुरत नाहीं त्या वयांत हा करार होतो. म्हणून सही करावयाची ती आईबापांनीं. प्रवेशाच्या नियमांत वर्षानुवर्षें दोन कागद सांगितलेले आहेत. शिक्षणांत मुलास कांहीं इजा झाली, किंवा त्या इजेवरील शस्त्रक्रियेंत अपाय झाला, तर आम्हांस सरकारकडे भरपाई मागतां येणार नाहीं, हें पालकांनीं एका कागदावर मान्य करावयाचें. मुलानें आपल्या हातच्या कारणानें शिक्षण सोडलें तर खर्च परत करूं, अशी हमी दुसऱ्या कागदानें द्यावयाची. घरांत पेढे वांटले जात असतात त्याच दिवसांत या सह्या होतात, आणि त्यांचा अर्थ मुलगा परत येतो तेव्हां कळतो.

असा अर्थ कळलेलीं घरें थोडीं नाहींत. १९८५ पासून सुमारें ५०० छात्र वैद्यकीय कारणावरून सैनिकी प्रबोधिन्यांतून बाहेर पडल्याचें वृत्त २०२५ सालीं प्रसिद्ध झालें. कोणी पोहण्याच्या तलावांत मान मोडून घेतली, कोणी मुष्टियुद्धांत डोक्याला मार घेतला, तरी हे कमिशन मिळालेले अधिकारी नव्हेत, म्हणून त्यांस माजी सैनिकाचा दर्जा नाहीं. मिळावयाची ती मासिक सानुग्रह रक्कम. सानुग्रह या शब्दांतच सर्व आलें: जें हक्कानें मिळत नाहीं तें कृपेनें मिळतें. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण मंत्रालयानें माजी सैनिकांची आरोग्ययोजना या छात्रांस लागू केली. तोंवर चाळीस वर्षें त्यांचें रुग्णालय, त्यांची पेन्शन आणि त्यांची शुश्रूषा हें सर्व एकाच ठिकाणीं होतें, आणि तें म्हणजे आईबापांचें घर.

हा प्रश्न मुंबईस अगदींच अपरिचित नव्हता. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, लेडी विलिंग्डन यांनीं जायबंदी हिंदी शिपायांस हुन्नर शिकविण्यासाठीं क्वीन मेरी संस्था याच शहरांत काढली. पुढें ती खडकीस गेली. आणि सैन्याच्या दारावरून परत फिरविलेल्या मुलांसाठीं वडीलधाऱ्यांनीं सरकारास जाब विचारण्याची रीति तर त्याहूनही जुनी. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हां १८९४ सालीं गोपाळबाबा वलंगकरांनीं विनंतिपत्र लिहिलें. १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं विलायतेंतील भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोहोंचविला. वलंगकर स्वतः निवृत्त हवालदार. त्यांची चाकरी झालेली होती, मागणें होतें तें पुढच्या पिढीसाठीं. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ सालीं मोडली, आणि १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ती मागणी थांबली नाहीं. त्या लोकांनीं परत पाठविलेल्या मुलांस दोष दिला नाहीं. त्यांनीं दाराकडे बोट दाखविलें.

आमच्या सुशिक्षित घरांत नेमकें याच्या उलट होतें. मुलगा परत आला कीं गणवेष कपाटांत जातो, भिंतीवरचा फोटो उतरतो, आणि आल्यागेल्यास ‘सुट्टीवर आला आहे’ असें सांगितलें जातें. हेतु मुलाला झांकण्याचा असतो, पण मुलाला त्यांतून इतकेंच समजतें कीं आपण झांकण्यासारखें कांहीं केलें आहे. आमच्या मतें आईबापांचें पहिलें कर्तव्य हेंच कीं, नातेवाइकांच्या प्रश्नांचें उत्तर त्यांनीं स्वतः, मुलाच्या देखत आणि सरळ शब्दांत द्यावें. दुसरें, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, प्रवेशाच्या वेळची तपासणी, रुग्णालयाचे कागद यांतील एकही चिटोरा गहाळ होऊं देऊं नये. प्रवेशाच्या वेळीं नोंद नसलेली व्याधि सेवेंत उद्भवली तर ती सेवेमुळेंच झाली असें गृहीत धरावें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं धरमवीर सिंग यांच्या प्रकरणीं दिला. तो खटला शिपायाचा होता, छात्राचा नव्हे. तरी पहिल्या तपासणीचा कागद किती मोलाचा असतो हें त्यानें सर्वांस दाखविलें आहे. तिसरें, पुढें काय, हा प्रश्न पहिल्या आठवड्यांत विचारूं नये. जो मुलगा पहांटे बिगुलावर उठत होता त्याला कांहीं दिवस बिगुलाविण्याची सकाळ सोसूं द्यावी. कॉलेज, पदवी, नोकरी यांच्या वाटा नंतरही उघड्या असतात.

मात्र घराच्या मायेनें सरकारचें ऋण फिटतें असें कोणी समजूं नये. ज्या मुलास सरकारनें स्वतः तपासून, धडधाकट म्हणून पसंत करून नेलें, तो मोडून परत आला तर त्याचा भार केवळ एका सहीच्या आधारें बापाच्या खांद्यावर टाकणें न्यायाचें नाहीं. आईबापांनीं मुलाला जवळ घ्यावें, आणि सरकाराकडे मागावयाचें तें ताठ मानेनें मागावें. हीं दोन्ही कामें एकाच घरानें एकाच वेळीं करावयाचीं आहेत. त्या घराशेजारीं राहणाऱ्या आम्हां सर्वांस निदान इतकें तरी करतां येईल कीं, ‘कां परत आला?’ असें त्या मुलास न विचारतां ‘आलास, बरें झालें’ असें म्हणावें.