हँडलच्या जोरावर समुद्रात

मासेमारीच्या होडीवर इंजिन कसे आले, हे सांगताना बहुतेक वेळा अश्वशक्ती, सरकारी अनुदान आणि कोळंबीचा बाजार यांचाच हिशेब मांडला जातो. त्यात एक साधा प्रश्न राहून जातो. भर समुद्रात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करायचे कशाने? मोठ्या जहाजांवर त्यासाठी दाबलेल्या हवेच्या टाक्या असत. 1912च्या कॅडिलॅकपासून मोटारींना विजेवरचा स्टार्टर मिळू लागला. उघड्या, खाऱ्या पाण्याने भिजणाऱ्या पंचवीस फुटी होडीला मात्र हवेची टाकी झेपत नव्हती आणि बॅटरी टिकत नव्हती. छोटे सागरी डिझेल इंजिन गरीब किनाऱ्यांपर्यंत पोचले, त्याचे एक मोठे कारण ते माणसाच्या हाताने चालू होत होते हे आहे. हा गुण त्याला आपोआप मिळालेला नव्हता. इंजिन बांधणाऱ्यांनी तो अर्धशतकभर खपून साधला.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी ठरले, पण होडीवाल्याला त्याचा लगेच काही उपयोग नव्हता. इंधन सिलिंडरमध्ये फवारायला त्याला हवेचा वेगळा कॉम्प्रेसर लागे. लहान होड्यांवर आधी आले ते दुसऱ्या घराण्याचे, तापवलेल्या गोळ्याचे इंजिन. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांचे त्याबाबतचे पेटंट 1890चे. इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या हॉर्न्सबी कारखान्याने ते बाजारात आणले आणि पुढे स्टॉकहोमच्या बोलिंडरसारख्या कारखान्यांनी या जातीची इंजिने बोटींसाठी नावारूपाला आणली. यात हवा फारशी दाबावी लागत नसे. सिलिंडरच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा ब्लोलॅम्पने दहा-पंधरा मिनिटे तापवायचा आणि मग जड चाकाला हाताने किंवा पायाने झटका द्यायचा. उत्तर युरोपातल्या मच्छीमारांनी ही इंजिने वापरली. इंग्लंडच्या कालव्यांवर मालवाहतूक करणाऱ्या फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन कंपनीने 1912मध्ये आपल्या बोटींना 15 अश्वशक्तीची बोलिंडर बसवायला सुरुवात केली. खर्च होता तो वेळेचा. समुद्रात इंजिन थंड पडले आणि वारा खडकांकडे असला, तर तीच दहा मिनिटे जिवावर बेतत.

इंधन थेट दाबाने फवारणारे पंप सुधारले आणि बॉशने 1927पासून त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा छोट्या इंजिनातही खरे डिझेल तत्त्व परवडू लागले. ब्लोलॅम्प गेला, पण हाताचे काम अवघड झाले. आता हवा मूळ आकारमानाच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शापर्यंत दाबायची होती, म्हणजे ती 500 अंश सेल्सिअसच्या पुढे तापून इंधन आपोआप पेटेल. हँडल सावकाश फिरवले तर दट्ट्याच्या कडांनी हवा निसटते, उष्णता थंड लोखंडात जिरते आणि काहीच पेटत नाही. यावर तोड निघाली डीकॉम्प्रेशन लिव्हरची. लिव्हर उचलली की झडप उघडी राहते, दाब तयार होत नाही आणि चाक मोकळे फिरते. वेग दुप्पट झाला की चाकात साठलेली ऊर्जा चौपट होते. पुरेसा वेग आला की लिव्हर सोडायची, आणि दट्ट्याला दाबाच्या माथ्यावरून पार नेण्याचे काम चाक करते. बाकीची रचनाही याच गरजेभोवती उभी राहिली. चाक जड ठेवले गेले, सिलिंडर एक किंवा दोन, फेरे कमी. इंजिन तळाशी अडचणीत असते म्हणून काही इंजिनांत हँडल साखळीने वर आणले गेले. नॉर्वेतल्या बर्गनच्या साब कंपनीने (मोटारवाल्या स्वीडिश साबशी हिचा संबंध नाही) पात्यांचा कोन बदलणारा पंखा दिला, त्यामुळे पाणी न ढकलता इंजिन चालू करता येई. कडाक्याच्या थंडीसाठी सिलिंडरच्या डोक्यात सोरा लावलेला पेटता कागद सरकवण्याचीही सोय काही इंजिनांत होती.

यावर पहिला आक्षेप असा की, होड्यांवर इंजिन आले ते पैशामुळे, हँडलचा त्यात काय वाटा? आपल्याकडचे उदाहरण केरळचे. 1952च्या करारानुसार भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांचा प्रकल्प कोल्लमजवळच्या नींदकरा भागात सुरू झाला. नव्या बांधणीच्या लहान होड्यांना डिझेल इंजिने बसली आणि पुढे कोळंबीच्या निर्यातीने त्यांची संख्या वाढवली. पैशाशिवाय हे झाले नसते, हे मान्य. पण अनुदानाने इंजिन विकत मिळते, ते रोज पहाटे चालू होत नाही. बंदरावर चार्जिंगची सोय नसताना आणि वीज मोजक्याच गावांत असताना, खलाशाच्या हातांवर चालू होणारे यंत्रच टिकू शकत होते. जमिनीवरचा पुरावाही हेच सांगतो. 1946मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची आणि राजकोटला बनणाऱ्या लिस्टर धर्तीची इंजिने विहिरीवर आणि पिठाच्या गिरणीत हँडल मारूनच चालू होत. समुद्रापासून दूर, अनुदानाची आणि बाजाराची गणिते वेगळी असतानाही, वीज नसलेल्या गावाने तशाच यंत्राला पसंती दिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हँडलने मनगटे मोडली आहेत. वेग कमी असताना लिव्हर सोडली तर इंधन वेळेआधी पेटून इंजिन उलटा झटका देते. हँडलची खाच झिजलेली असली तर ते सुटत नाही आणि शाफ्टबरोबर गरगरते. म्हणून अंगठा मुठीभोवती न आवळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हा या कामाचा पहिला धडा. धोका खरा आहे, आणि दोन सिलिंडरांपलीकडच्या मोठ्या इंजिनांना हात पुरत नाही, हेही खरे. मोठ्या ट्रॉलरवर विजेचा स्टार्टर आला, ते योग्यच झाले. पण त्यावरून हँडल ही मागासलेल्या काळाची खूण ठरत नाही. लिव्हरमुळे बळापेक्षा हातोटीला महत्त्व आले, आणि ती शिकता येते.

या बाबतीत आंतरराष्ट्रीय नियमांचा कल बोलका आहे. समुद्री सुरक्षेच्या सोलास करारानुसार जहाजावरच्या जीवरक्षक बोटीचे इंजिन हाताने चालू होणारे तरी असावे, नाहीतर त्याला पुन्हा भारित करता येणारे दोन स्वतंत्र ऊर्जास्रोत असावेत. उणे 15 अंशांतही ते दोन मिनिटांत चालू झाले पाहिजे. एका बॅटरीवर जीव सोपवू नये, हाच याचा अर्थ. मासेमारी होड्या बहुतांशी या कराराच्या कक्षेबाहेर आहेत. शिवाय आजच्या इलेक्ट्रॉनिक फवारणीच्या इंजिनाला बॅटरी मेली की हँडल मारूनही उपयोग नसतो, कारण फवाऱ्याचा हुकूमच विजेवर चालतो. जुनी इंजिने परत आणा, असे कोणी म्हणणार नाही. त्यांचा धूर आणि इंधनाचा खर्च आज परवडणारा नाही. पण लहान होडीच्या इंजिनाला अनुदान देताना मत्स्यव्यवसाय खात्याने एवढे विचारायला हवे, की बॅटरी गेली तर हे कशाने चालू होणार? उत्तर हँडल असो की दुसरी स्वतंत्र बॅटरी, ते होडी पाण्यात जाण्याआधी मिळालेले असावे.