फुलाला निरखणारी नजर

फुलांची अगदी जवळून छायाचित्रे घेण्याचा छंद अलीकडचा असला, तरी ती नजर फार जुनी आहे. इ. स. १६२० मध्ये बादशहा जहांगीर काश्मीरला गेला. तेथील शंभराहून अधिक फुले उस्ताद मन्सूरने चितारल्याची नोंद त्याने आत्मचरित्रात केली आहे. मन्सूरचे लाल ट्यूलिप आज अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

हीच पुष्पकला पुढे आपल्या शहरात आली. इ. स. १६६१ च्या सुमारास अताउल्लाह या वास्तुकाराने उभारलेल्या बीबी-का-मकबऱ्यावर ती चुनेगच्चीत उमलली.

विद्यार्थी मित्रांनो, उस्मानपुऱ्यातील अंगणातले जास्वंद किंवा वाटेकडेचे रानफूल टिपण्यापूर्वी त्याच्या पाकळ्या मोजा, पाने पाहा. मन्सूरजवळ कॅमेरा नव्हता, निरीक्षण होते. तेच खरे शिक्षण होय.