रिव्हरसाइड : स्थानक आणि वाहनतळ

रेल्वे स्थानकाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा रूळ, इंजिने आणि इमारती यांचा विचार करतो; स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेकडे लक्ष देत नाही. बॉस्टनच्या पश्चिमेला न्यूटन शहरात असलेल्या रिव्हरसाइड स्थानकाचा इतिहास मात्र त्या मोकळ्या जागेपासूनच वाचावा लागतो. ग्रीन लाइनच्या 'डी' शाखेचे हे शेवटचे स्थानक. फलाट साधे, छपरे साधी, आणि लगत सुमारे नऊशे मोटारींचा वाहनतळ. या डांबरी पटांगणाला वास्तुकलेच्या इतिहासात स्थान नाही. उपनगर या कल्पनेच्या इतिहासात ते असायला हवे, असे आम्हांस वाटते.

या मार्गाचा पहिला तुकडा १८४८ मध्ये ब्रुकलाइनपर्यंत झाला. पुढे बॉस्टन अँड ऑल्बनी रेल्वेने तो विकत घेतला आणि १८८६ मध्ये रिव्हरसाइडपाशी आपल्या मुख्य मार्गाला जोडला. शहरात नोकरी-व्यवसाय आणि झाडांच्या सावलीत घर, अशी दुहेरी आयुष्ये जगणाऱ्या सुखवस्तू वर्गासाठी ही सोय होती. कंपनीने स्थानकांच्या रचनेचे काम एच. एच. रिचर्डसन या अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञाकडे सोपवले, तर काही स्थानकांच्या परिसराची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने केली. रिचर्डसनची ही स्थानके बुटकी, दगडी आणि रुंद छपरांची होती. प्रवाशाला दिपवण्यापेक्षा त्याला आसरा द्यावा, हा त्यांचा स्वभाव. चेस्टनट हिलच्या स्थानकाला तर घोडागाडी आत येऊन थांबावी अशी भव्य कमान होती.

ही कमान महत्त्वाची आहे. वाहनतळ म्हणजे मोटारयुगाने स्थानकावर केलेले आक्रमण, असे मानण्याचा मोह होतो. पण उपनगरी स्थानकाला घरापासूनच्या वाहनाची सोय पहिल्यापासून करावी लागत होती. फरक इतकाच, की घोडागाडी मालकाला सोडून गाडीवानासह घरी परतत असे. मोटारीला गाडीवान उरला नाही. म्हणून ती दिवसभर तिथेच उभी राहू लागली आणि कमानीची जागा पटांगणाने घेतली.

दुसऱ्या महायुद्धानंतर रेल्वेचे प्रवासी मोटारीकडे वळले. मार्ग १२८ हा वर्तुळाकार महामार्ग रिव्हरसाइडच्या अगदी जवळून गेला. ३१ मे १९५८ रोजी जुन्या मार्गावरची शेवटची आगगाडी धावली. अशा वेळी मार्ग उखडणे हा त्या काळातला शिरस्ता. येथे मात्र वेगळे घडले. महानगर वाहतूक प्राधिकरणाने, म्हणजे एमटीएने, तो ताब्यात घेतला, त्यावर विजेच्या तारा टाकल्या, शहरातील ट्रॅमच्या भुयारी मार्गाला तो जोडला आणि ४ जुलै १९५९ रोजी वाहतूक सुरू केली. सुमारे तेरा महिन्यांत एका मरणासन्न रेल्वेमार्गाला नवा जन्म मिळाला. 'लाइट रेल' हा शब्द त्यानंतर सुमारे तेरा वर्षांनी रूढ झाला. वस्तू आधी आली, नाव मागाहून.

योगायोग असा, की त्याच वर्षी किंग्स्टन ट्रायोने एमटीएवरचे एक जुने गाणे देशभर गाजवले. १९४९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीसाठी जॅकलिन स्टाइनर आणि बेस लोमॅक्स हॉज यांनी रचलेल्या या गाण्यातला चार्ली वाढीव भाड्याअभावी गाडीतच कायमचा अडकतो. लोकांच्या तोंडी चार्लीची कैद होती, त्याच उन्हाळ्यात उपनगरातील मोटारमालकांना रिव्हरसाइडला गाडी उभी करून शहरात जाण्याचे आमंत्रण मिळत होते. सार्वजनिक वाहतूक कोणासाठी, हा प्रश्न या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपोआप उभा राहतो.

या पुनर्जन्माची किंमतही मोजावी लागली. चेस्टनट हिल आणि वाबन येथील रिचर्डसनच्या इमारती या रूपांतराच्या सुमारास पाडल्या गेल्या आणि तेथे मोटारी उभ्या राहू लागल्या. वुडलंडची इमारत वाचली, ती गॉल्फ क्लबच्या आवारात सामान ठेवण्यापुरती. हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या सोयीने या वास्तू गिळल्या, तिनेच प्रवासी आणून मार्ग जगवला, हेही नाकारता येत नाही. केवळ इमारती राखून मार्ग गमावला असता, तर आपल्या हाती सुंदर अवशेष राहिले असते.

आता पटांगणावरही नवा मजकूर लिहिला जाऊ पाहतो आहे. रिव्हरसाइडच्या वाहनतळाच्या जागी घरे आणि कार्यालये उभारण्याच्या योजनेला न्यूटनच्या नगर परिषदेने दीर्घ वादानंतर २०२० मध्ये मंजुरी दिली. २०२१ च्या राज्य कायद्याने तर वाहतूक सेवा असलेल्या गावांनी दाट वस्तीला वाव द्यावा, असे बंधन घातले. गर्दी वाढेल, गावाचा स्वभाव बदलेल, हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु ज्या गावाचा स्वभाव मुळात एका रेल्वे कंपनीने वेळापत्रकासह घडवला, त्याने तो अनादी मानावा काय? कमानीखाली घोडागाडीवाल्यांचे स्वागत झाले, पटांगणात मोटारवाल्यांचे. ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांना स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर घर मिळणार की नाही, यावर या इतिहासाचे पुढचे प्रकरण अवलंबून आहे.