बंडी बाहेर, पाहुणा आत

माझा मामेभाऊ मोहर्लीला राहतो हे मी पूर्वी कोणाला सांगत नसे. सांगून उपयोग नसे. "मोहर्ली कुठं आली?" "चंद्रपूरजवळ." "चंद्रपूर म्हणजे नागपूरच्या अलीकडे की पलीकडे?" इथपर्यंत आले की संभाषण हवापाण्याकडे वळे, आणि चंद्रपूरच्या हवेविषयी बोलण्यासारखे काय आहे? मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो, एवढे म्हटले की तोही विषय संपला.

आता तीच मंडळी रात्री साडेनऊला फोन करतात. आवाजात कमालीचा गोडवा. "तुमचे ते मोहर्लीचे बंधू कसे आहेत? नाही, सहज आठवण झाली. त्यांच्याकडे ती खोली आहे ना?"

ती खोली! त्या खोलीत मी लहानपणी लपंडाव खेळलो आहे. तेव्हा ती खोली नव्हती, कोठा होता. कोठा म्हणजे तुमचा गोठा. आमच्या विदर्भात गाईंना जरा कडक अक्षर लागते. एका बाजूला गव्हाण, दुसऱ्या बाजूला बंडी उभी करायची जागा, वर कवेलू, पाठीमागे मातीची भिंत आणि पुढे काहीच नाही. पुढे भिंत कशाला? बंडीला लाज थोडीच असते.

तर या कोठ्याची खोली कशी झाली, हा आजचा विषय. पण इतिहास सांगायचा म्हणजे थोडे मागे जावे लागते. मी फार मागे नेणार नाही. नलराजापर्यंत.

नलराजा आणि विदर्भ यांचे नाते सर्वांना ठाऊक आहे. दमयंती आमच्याकडची. राज्य घालवून, रूप बदलून नल हा बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झाला आणि एका दिवसात रथ हाकत कुंडिनपुरास आला. ऋतुपर्ण पाहुणा म्हणून राजवाड्यात उतरला. सारथी कुठे उतरला? रथशाळेत. घोडे सोडले, त्यांची सेवा केली आणि रथाशेजारी बसून राहिला. वाहन ठेवायच्या जागेत मुक्काम केलेला विदर्भातला पहिला नोंदलेला पाहुणा हाच, असे माझे मत आहे. महाभारतात पुढे जे येते ते प्रत्येक घरमालकाने मुळातून वाचावे. दमयंतीची दासी केशिनी या सारथ्यावर नजर ठेवते आणि येऊन सांगते, की बाई, हा माणूस ठेंगण्या दारातून जाताना वाकत नाही, दारच उंच होते. याने नुसते पाहिले की रिकामी भांडी पाण्याने भरतात. गवताची काडी धरली की ती पेटते. दमयंतीने यावरून नवरा ओळखला. मला यात आदर्श भाडेकरू दिसतो. दार उंच करून मागत नाही, सरपण मागत नाही, आणि पाण्यासाठी नळ मागत नाही, कारण तो स्वतःच नळ आहे.

असला भाडेकरू त्यानंतर कुणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही.

वाहनाच्या जागेत माणूस शिरतो आणि वाहन बाहेर पडते, ही गोष्ट आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. लंडनमध्ये 'म्यूज' नावाच्या गल्ल्या आहेत. राजाचे शिकारी ससाणे पिसे झडण्याच्या दिवसांत ज्या जागेत ठेवत, तिचे हे नाव. सोळाव्या शतकात तिथे ससाण्यांऐवजी घोडे आले. नाव तेच राहिले. मग बड्या लोकांच्या घरामागे घोडे आणि बग्ग्या ठेवण्याच्या ज्या गल्ल्या झाल्या, त्यांनाही म्यूजच म्हणू लागले. खाली घोडा, वर गाडीवान. विसाव्या शतकात घोडा गेला, मोटार आली. मग मोटारही बाहेर गेली आणि आत साहेब राहायला आला. आज तिथली घरे घ्यायला लक्षाधीशही दोनदा खिसा चाचपतो. पक्षी, घोडा, मोटार, माणूस! उत्क्रांतीचा हा क्रम डार्विनच्या नजरेतून कसा निसटला कोण जाणे.

अमेरिकेत तर गॅरेज हे तीर्थक्षेत्र झाले आहे. १९३८ साली पालो आल्टो गावात ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुणांनी महिना पंचेचाळीस डॉलरने एक घर घेतले. पॅकार्ड बायकोसह घरात राहिला. गॅरेजमध्ये यंत्रे ठेवली. ह्यूलेट सडाफटिंग होता, तो मागच्या लाकडी खोपटात झोपला. म्हणजे यंत्राला गॅरेज आणि माणसाला खोपटे. पुढे कंपनी जगभर पसरली आणि कॅलिफोर्निया सरकारने त्या गॅरेजला ऐतिहासिक स्थळ ठरवले. लोक गॅरेजपुढे फोटो काढतात. मला खोपट्याबद्दल वाईट वाटते.

वाईट वाटायला कारण आहे. मी स्वतः गॅरेजात राहिलेला आहे. १९७१ साली नोकरीसाठी मुंबईला गेलो तेव्हा दादरला एका बंगल्याचे गॅरेज मला लीव्ह अँड लायसेन्सवर मिळाले. दाराऐवजी लोखंडी शटर. सकाळी ते वर सरकवले की सगळी आळी जागी होई आणि मी दात घासताना दिसे. जमिनीवर ऑइलचा एक काळा डाग होता; त्यावर मी सतरंजी घालीत असे. मालकांची फियाट बाहेर पावसात ताडपत्री पांघरून उभी असे आणि माझ्याकडे अशा नजरेने पाही की मीच खाली मान घालीत असे. डिसेंबर १९७२ मध्ये माझी नागपूरला बदली झाली. मी आनंदाने पेढे वाटले. पुढे १९७३ साली मुंबईच्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसेन्सवाला खोलीत राहत असेल, तो कायद्याने भाडेकरू! त्याला आता काढता येणार नाही आणि भाडेही फारसे वाढवता येणार नाही. दोन महिने! अवघे दोन महिने मी दात घासत तिथे उभा राहिलो असतो तर आज दादरला माझी जागा असती. ही हळहळ मी मोहर्लीच्या दादाला इतक्या वेळा ऐकवली आहे, की परक्या माणसाला कोठ्यात घ्यायचे म्हटल्यावर तो पहिला प्रश्न मलाच विचारता झाला. "बापू, तो मग निघन ना रे बाहेर?"

"दोन रात्रींसाठी येतात दादा. तिसऱ्या दिवशी त्यांना ऑफिस असते."

"तुलेबी होतं ना ऑफिस?"

यावर मी गप्प बसलो.

आता कोठा रिकामा का झाला ते सांगायला हवे. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा गावाला त्याचा फारसा पत्ता लागला नाही. मामा म्हणत, सरकारने जंगलाला नाव दिले, जंगल होते तिथेच आहे. गुरे सकाळी जंगलात जात, संध्याकाळी येत. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आले. १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. दरवेळी कागदावर एक रेघ वाढली आणि चराईची वाट तेवढी अरुंद झाली. गुरे कमी झाली, वाघ वाढले. दोन्ही गोष्टी चांगल्या की वाईट, हे तुम्ही कोणत्या बाजूने मोजता यावर आहे. २००६ च्या पावसाळ्यात वहिनींची चांदी नावाची गाय नाल्यापलीकडे वाघाने मारली. पंचनामा झाला, भरपाईचे पैसेही आले. पण वहिनी वर्षभर कोठ्याच्या त्या कोपऱ्यात झाडू मारायला गेल्या नाहीत. २००९ मध्ये दादाने बैलजोडी विकली, कारण मुलाला वावरात रस नव्हता. बैलामागून बंडी गेली. आणि पुढच्याच वर्षी मुलाने कर्ज काढून जुनी जिप्सी आणली. पर्यटकांना जंगलात फिरवायची. ती बंडीच्या जागेवर उभी राहिली. कोठ्याचे गॅरेज झाले.

वर्षभरात मुलाच्या लक्षात आले, की सफारीच्या जिप्सीला मुळात छप्परच नसते. वाघ दिसावा म्हणून टप काढून टाकलेला. जिला स्वतःचे छप्पर नको, तिला कवेलूचे छप्पर कशाला? आणि लोक तर खोल्या मागून राहिलेत.

वहिनी म्हणाल्या, "माया चांदीच्या जागेवर परका माणूस निजणार?"

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ज्यानं गाय नेली त्यानंच पाव्हणा धाडला. आता नाई म्हणू का?"

वहिनी उठून आत गेल्या. आल्या त्या हातात एकदाणी घेऊन. ती तारण ठेवून खोलीचे काम निघाले. यावर मी विनोद करणार नाही.

कोठ्यात माणूस राहील असे करणे सोपे असते ही समजूत ज्यांनी कोठा बांधलेला नाही त्यांची. पुढची भिंत घातली. त्याबरोबर कळले की आत अंधार झाला. खिडकी पाडली, त्यातून वानरे आली. खिडकीला जाळी लावली. जोते बैलांच्या सोयीचे, म्हणजे वीतभर. पहिल्याच सरीला पाणी आत. मग भर घातली, तर माणसाचे डोके आढ्याला. दारे आपोआप उंच व्हायला आम्ही नलराजे थोडेच? मुलाला टिन टाकायचे होते. दादाने हट्टाने कवेलूच ठेवले, कारण पर्यटकांचा हंगाम म्हणजे नेमका एप्रिल-मे. पाणवठे आटतात, वाघ पाण्यावर येतो, वाघामागे पाहुणे येतात. आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात टिनाखाली पाहुणा ठेवणे म्हणजे त्याची भाकरी करणे. संडास बांधला, शोषखड्डा खणला. पण सर्वांत मोठी गंमत जमिनीची. कोठ्याची जमीन मागच्या बाजूला उतरती असते. का, ते गुरे पाळणाऱ्याला सांगायला नको. तिच्यावर फरशी बसवणाऱ्याने तो उतार श्रद्धेने जसाच्या तसा राखला. पहिल्या पाहुण्याची चाकाची बॅग दारातून ठेवली ती स्वतःच चालत जाऊन गव्हाणीला लागली. पाहुणे पुण्याचे होते. त्यांना ती सोय वाटली.

गव्हाण पाडायची नाही अशी वहिनींची अट होती. तिच्यावर फळी टाकून सामान ठेवायला जागा केली.

मग कागद. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये या जागेपुढे 'गोठा' असे लिहिलेले. गोठ्याची कर आकारणी वेगळी, घराची वेगळी, आणि गोठ्यात पाहुणे ठेवून पैसे घेण्याची आकारणी कोणती हे तिथल्या वहीच्या कोणत्याच रकान्यात बसेना. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेची माहिती मी नागपूरहून आणली. दादाने तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, "न्याहारीत आंबील चालते का?"

२०१२ च्या मार्चमध्ये खोली सुरू झाली. तीन महिने बरे गेले. मग २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटन थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. पावसाळ्यात गाभ्याची दारे तशीही बंद असतात, त्यामुळे त्या दिवसांत रुपयाचे नुकसान झाले नाही. नुकसान झोपेचे झाले. हप्ता दर महिन्याला येई आणि ऑक्टोबरात दार उघडेल की नाही हे कोणी सांगू शकेना. मी त्या पोळ्याला मोहर्लीला गेलो होतो. घरात बैल नव्हते. वहिनींनी मातीच्या बैलांना ओवाळले. रात्री दादा म्हणाला, "न्यायालयाचं चुकलं असं मी नाई म्हणत. जंगल वाघाचंच आहे. पण बापू, मायी एकदाणी नाई ना ती. तिची आहे." आणि कांबळे घेऊन कोठ्यात निजायला गेला. त्या दिवसांत तो रोज तिथेच निजे. म्हणे, खोलीला माणसाची सवय राहिली पाहिजे.

१६ ऑक्टोबरला नव्या नियमांसह पर्यटन खुले झाले. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर एकदाणी घरी आली. वहिनी ती घालून पाहुण्यांना चहा देतात. "खोलीतून टायगर दिसतो का हो?" असे कोणी विचारले तर शांतपणे सांगतात, "दिसला तर तुम्हालेच दिसन. आमी दार लावून झोपतो."

मागच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा अंगणात एक बंडी उभी! चाकांना रंग, जुवाला झेंडूची माळ. पाहुण्यांना फोटोला लागते म्हणून मुलाने शेजारच्या गावाहून आणली. २००९ मध्ये विकलेल्या बंडीच्या तिप्पट किमतीला. दादा तिच्याभोवती फिरत होता, धाव्यावरून हात फिरवीत होता. लाकूड चांगले आहे म्हणाला, पण उघड्यावर दोन पावसाळे काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सब्बलीच्या आवाजाने जाग आली. दादा कोठ्याशेजारी चार खड्डे खणीत होता.

"हे काय?"

"बंडीले छपरी," दादा म्हणाला.

वहिनी ओसरीतून म्हणाल्या, "भाऊजी, त्यायले सांगा, जोतं यंदा उंच घ्या म्हणा. आन् जमीन सपाट."