फुलाचे चित्र आणि पाहणाऱ्याची नजर

फुलाचे चित्र हुबेहूब उतरले, असे आपण केव्हा म्हणतो? पाकळीवर बोट टेकावे असे वाटले, दहिवराचा थेंब आता ओघळेल असा भास झाला, म्हणजे आपल्या तोंडून तो शब्द सहज निघून जातो. अशी चित्रे आज संगणकाच्या पडद्यावर काढली जातात, आणि ती छायाचित्रे नव्हेत हे सांगूनही पुष्कळांना खरे वाटत नाही. मग कोणी म्हणतो, यात माणसाचे ते काय? सारे यंत्रच करीत असणार! आम्हांस हा आक्षेप इतिहासाच्या उजेडात तपासून पाहावासा वाटतो. कारण हुबेहूबपणाचा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. तो निदान पाचशे वर्षांचा आहे.

१५३० मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओटो ब्रुनफेल्स याचा वनस्पतिग्रंथ छापला जाऊ लागला. त्यातील चित्रे हान्स वाइडिट्झ या चित्रकाराची. वाइडिट्झने समोर असलेले रोप जसेच्या तसे काढले. पान सुकलेले असले तर सुकलेले, देठ मोडलेला असला तर मोडलेला! पुढे बाराच वर्षांनी, १५४२ मध्ये, बाझेल येथे लेओनहार्ट फुक्स याचा ग्रंथ निघाला. त्यात पाचशेहून अधिक चित्रे आहेत, पण त्यांची रीत वेगळी. फुक्सला एखादे रोप नको होते, ती जात हवी होती. म्हणून कीड लागलेले पान गाळले गेले, आणि फूल व फळ वेगवेगळ्या ऋतूंत येत असली तरी एकाच फांदीवर दाखविली गेली. छायेच्या कलाकुसरीने मूळ आकार झाकला जाऊ नये, असाही त्याचा आग्रह होता.

आता या दोघांत खरे चित्र कोणाचे? आमच्या मते दोघांचेही. एकाने त्या क्षणीचे फूल पाहिले, दुसऱ्याने अनेक फुलांतून कायम राहणारे फूल पाहिले. म्हणजे हुबेहूब चित्र ही नुसती नक्कल नव्हे. काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा तो निर्णय आहे. आणि निर्णय कुंचला करीत नाही, नजर करते.

या नजरेला किती शिस्त लागते, हे फर्डिनंड बाउअर या चित्रकाराच्या कामावरून कळते. फूल खुडले की त्याचा रंग काही तासांत उतरतो. प्रवासात रंगवीत बसायला वेळ कोठून असणार? बाउअरने यावर युक्ती काढली. तो पेन्सिलीने रेखाटन करी आणि प्रत्येक भागावर एकेका छटेचा आकडा लिही. १८०१ पासून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर केलेल्या रेखाटनांत हे आकडे सुमारे हजारापर्यंत गेलेले आहेत. पुढे त्या आकड्यांवरून तो चित्र रंगवीत असे. आजचा संगणक तरी दुसरे काय करतो? तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या धरल्या, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगांना आकडे मिळतात. फरक एवढाच की संगणकाचे आकडे यंत्राच्या स्मरणात असतात, आणि बाउअरने ते डोळ्यांत साठविले होते.

अशी नजर आपल्याकडेही होती. तिचा एक पुरावा पुण्याच्या अगदी वेशीवरचा आहे. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळची दापोडी जुन्या इंग्रजी कागदांत ‘दापुरी’ म्हणून येते. गव्हर्नर माल्कम याच्या काळात, १८२८ च्या सुमारास, तेथे सरकारी वनस्पति-उद्यान सुरू झाले, आणि १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक होता. त्याने १८४७ ते १८५० या काळात उद्यानातील झाडाफुलांची सुमारे १७० चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानात जपून ठेवलेली आहेत, आणि २००२ मध्ये त्यांवर स्वतंत्र ग्रंथही निघाला. चित्रकार पोर्तुगीज-हिंदी होता एवढे समजते. त्याचे नाव मात्र समजत नाही!

आम्हांस हे मनाला लागते. फुक्सने आपल्या ग्रंथाच्या शेवटी चित्र काढणारा, ते लाकडी ठशावर उतरविणारा आणि ठसा कोरणारा अशा तिघांच्या तसबिरी नावांसह छापल्या. जहांगीर बादशहाने काश्मीरच्या फुलांविषयी लिहिताना, उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुले रंगविली, असे नाव घेऊन नमूद केले. मद्रासकडे रॉबर्ट वाइट याने गोविंदू नावाच्या आपल्या चित्रकारावरून आमरीच्या एका प्रजातीला नाव दिले. दापोडीच्या चित्रकाराची नजर तेवढी शिल्लक राहिली, माणूस पुसला गेला.

आता पुन्हा संगणकाकडे वळू. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि १९९४ मध्ये त्यात थरांची सोय झाली. एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत, तसे हे थर. एकावर रेषा, दुसऱ्यावर मूळ रंग, तिसऱ्यावर छाया, चौथ्यावर शिरा. कोणताही थर इतरांना धक्का न लावता पुसता येतो. हातातली लेखणी दाबावी तशी रेषा जाड होते. सोय मोठी आहे यात शंका नाही. पण जास्वंदीचे फूल काढावयाला घ्या. पाकळीतून उजेड आरपार येतो तेथे तांबडा रंग कोठे पेटतो आणि कोठे काळवंडतो? मधल्या दांड्यावर परागकोश कसे फुटले आहेत, आणि टोकाला कुक्षीचे पाच ठिपके कसे उभे आहेत? जवळून घेतलेल्या छायाचित्रात यांतला एक भाग स्पष्ट असतो, तर दुसरा धूसर. जो धूसर आहे तो काढण्यासाठी चित्रकाराला जास्वंद ठाऊक असावी लागते. नाहीतर तो तेथे सुंदर, गुळगुळीत खोटे रंगवितो.

२०२२ पासून तर नुसते शब्द लिहिले की फुलाचे चित्र तयार करून देणारी यंत्रणा सर्वसामान्यांच्या हाती आली आहे. ते चित्र डोळ्यांस खरे भासते. पण ते अमुक बागेतले, अमुक दिवशी उमललेले फूल नव्हे. आणि जातीचा सारांश काढण्यासाठी कोणी शंभर फुले न्याहाळली, असेही नव्हे. वाइडिट्झचे खरेपण त्यात नाही आणि फुक्सचेही नाही. औषधी वनस्पती ओळखावयास निघालेल्या विद्यार्थ्याला, किंवा दुर्मिळ होत चाललेल्या फुलाची नोंद ठेवणाऱ्याला, अशा चित्रावर विसंबून चालणार नाही.

म्हणून साधनावर रागावण्याचे कारण नाही आणि त्याच्यापुढे हात जोडण्याचेही नाही. ठसा आला, कुंचला आला, संगणकाची लेखणी आली. फुलापुढे बसून पाहण्याचे काम माणसाकडेच राहिले. हुबेहूब चित्र समोर आले, की ते कसे काढले हे विचारण्याआधी, हे फूल कोणी पाहिले, असे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. हा प्रश्न दापोडीच्या बागेत कोणी वेळीच विचारला असता, तर एका थोर चित्रकाराचे नाव आज आपल्या ओठांवर असते.